म्हाताऱ्या पावसाचा हिशेब

पुनर्वसू नक्षत्रातल्या पावसाला जुनी माणसं तरणा पाऊस म्हणतात आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या पुष्यातल्या पावसाला म्हातारा. तरण्याने धिंगाणा घालावा, म्हाताऱ्याने थांबत-थांबत संथ पडावं, असा त्यामागचा समज. सूर्य २० जुलैच्या सुमारास पुष्यात शिरतो आणि ऑगस्ट लागता लागता बाहेर पडतो. आता पोरांनो, २६ जुलै कुणाच्या वाट्याला येते ते बोटांवर मोजा.

“म्हाताऱ्याच्या!” नातवंडं ओरडली.

बरोबर. तर ही त्या म्हाताऱ्याची गोष्ट. साल २००५, वार मंगळवार. तुमच्यापैकी कुणाचाच जन्म झालेला नव्हता. तुमचा बाबा तेव्हा अंधेरीला नोकरीला होता. त्या रात्री तो मुलुंडला घरी पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी उगवला तो चपला हातात घेऊन. सकाळी पाऊस होता, पण जुलैत असतो तसाच. खेळ सुरू झाला दुपारी. अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझच्या वेधशाळेत १९० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या शहराची जुनी गटारं बांधली होती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, आणि तेही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या दिवशी पावणेचारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. म्हणजे वरून पाणी आणि खालूनही पाणी. मिठी नदी विसरलेल्या लोकांना त्या संध्याकाळी आपल्या गावात नदी आहे हे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सांताक्रूझच्या माणसाने चोवीस तासांची बेरीज मांडली: ९४४ मिलिमीटर. सरळ उभ्या भिंतींचं एखादं पिंप उघड्यावर ठेवलं असतं, तर पाणी आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्याही वर चढलं असतं. विहार तलावापाशी तर हजार मिलिमीटरच्या वर. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने किती नोंदला असेल?

“पाचशे?” नातू म्हणाला. धाकटीने आठशेची बोली लावली.

७३. एक शून्य विसरलेलं नाही. पंचवीसेक किलोमीटरवरच्या दोन ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत ९४४ आणि ७३. दक्षिणेकडे पावसाळ्यातला एक बरा दिवस म्हणून तो खपून गेला असता.

“मग आजोबा, मुंबईत किती पाऊस पडला?” थोरलीने विचारलं.

हा खरा प्रश्न. या गोष्टीत पुढे जे काही येणार आहे ते सगळं याच प्रश्नाच्या पोटात आहे. दोन्ही आकड्यांची सरासरी काढली तर येते ५०८. पण पाचशे आठ मिलिमीटर पाऊस त्या दिवशी कुणाच्या डोक्यावर पडला? कुलाबेकराच्या नाही, सांताक्रूझकराच्याही नाही. मुलुंडला किती, घाटकोपरला किती, बोरिवलीला किती, याचं उत्तर तेव्हा हवामान खात्याच्या या दोन ठिकाणांवरून मिळण्यासारखं नव्हतं. तुम्ही शाळेच्या पुस्तकात ‘मुंबईचा पाऊस’ असा एक आकडा वाचता ना? तो आकडा पडतो एका भांड्यात. आपण राहतो त्या भांड्यापासून कोसभर लांब.

ते भांडं केवढं असतं, तेही ऐका. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढं. महानगरपालिकेची हद्द साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास. दोन भांड्यांवर शहराचा हिशेब मांडायचा, तर एका भांड्याने सव्वादोनशे चौरस किलोमीटर आभाळाची साक्ष द्यायची. कुठल्या कोर्टात अशी साक्ष चालेल?

थोरलीचा चेहरा पडला. तिला वाटत होतं की पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, कमी-जास्त म्हणजे फार तर पाच-दहा टक्के. थंड देशांत, मोठमोठ्या ढगांच्या पटलांतून झिमझिम पडणाऱ्या पावसाचं थोडंफार तसं असतंही. आपला पाऊस वेगळा. समुद्रावरून बाष्पाने जड झालेला वारा येतो, किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असतो, आणि बोरिवली ते मुलुंडच्या मधे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे, कान्हेरीच्या माथ्यापर्यंत साडेचारशे मीटरच्या वर चढलेले. यातून उभे राहणारे गडगडाटी ढग आडवे फार पसरत नाहीत, उंच मात्र दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातात. असा एक ढग पवईवर रिकामा होतो तेव्हा जुहूच्या चौपाटीवर भेळ खाणाऱ्याच्या कागदावर थेंब पडत नाही. २६ जुलैला असेच ढग एकाच जागी, पुन्हापुन्हा, उपनगरांवर उभे राहिले. आणि दर वेळी उपनगरंच भिजतात असंही नाही. २६ मे २०२५ला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. त्या दिवशी झोडपून निघाली ती दक्षिण मुंबई. आपण इकडे त्यामानाने कोरडेच होतो.

आता मोजण्याची गोष्ट. पाऊस मोजायची हौस आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अंगणात हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कारण साधं: पाऊस किती, यावर पेरणी काय करायची आणि सारा किती घ्यायचा हे ठरणार. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याचे आकडेही दिलेत, कोरड्या मुलखाला सोळा, अवंतीला तेवीस. आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला? तिथे आकडाच नाही, अमर्याद म्हणून सोडून दिलंय. इतक्या काटेकोर माणसाने आपल्यापुढे हात टेकले! मला तर याचा अभिमानच वाटतो, पण हिशेबाच्या वहीत अभिमान लिहिता येत नाही.

मुंबईत रीतसर वेधशाळा आली १८२६ साली, कुलाब्याला, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. साऱ्या देशाचं हवामान खातं त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८७५मध्ये. ही सरकारी माणसं. पण मला तुम्हाला सांगायचीय ती बिनसरकारी माणसांची गोष्ट.

इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स नावाचा तरुण होता. त्याला एकच वेड. देशभरात ज्याच्या-ज्याच्या अंगणात पर्जन्यमापक आहे, त्याने आपले आकडे आपल्याकडे पाठवावेत. १८६०च्या त्याच्या पहिल्या संकलनात १६८ ठिकाणं होती. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर, धरणावरचे कामगार. कुणालाही पगार नाही. सायमन्स पत्रं लिहायचा, वर्तमानपत्रांतून आवाहन करायचा, चुकलेल्यांना समज द्यायचा. १९००मध्ये तो वारला तेव्हा ही संख्या ३,४००च्या वर गेली होती. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यमापकाचं चित्र असतं ना, नरसाळं आणि आत बाटली? त्याला सायमन्सचा पर्जन्यमापक म्हणतात, तोच हा. एक बाई तर अशी होती, लेडी बेनिंग, की ती लंडनला मुक्कामाला निघाली की पर्जन्यमापक बरोबर घ्यायची. आपल्या आजीचा पानाचा डबा जसा कधी मागे राहिला नाही, तशातली गत.

“त्या कागदांचं पुढे काय झालं?”

पडून राहिले. इंग्लंडच्या हवामान खात्याच्या दप्तरखान्यात हाताने भरलेले ६५,००० तक्ते. मग २०२० साल आलं, टाळेबंदी लागली, माणसं घरात अडकली. रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स या शास्त्रज्ञाने त्या तक्त्यांची छायाचित्रं लोकांसमोर ठेवली आणि म्हटलं, आकडे वाचा आणि संगणकात भरा. सोळा हजारांहून जास्त लोक पुढे आले. सोळा दिवसांत बावन्न लाखांवर नोंदी उतरवून झाल्या. त्यामुळे त्या देशाच्या पावसाचा अधिकृत इतिहास १८६२ऐवजी १८३६पासून सुरू होतो. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा मास्तराने सकाळी चिखलातून जाऊन लिहिलेला आकडा आज दुष्काळाचा अंदाज बांधायला वापरतात. कागद जपला तर आकडा म्हातारा होत नाही.

नातू मधेच म्हणाला, “पण आजोबा, आता रडार आहे की. आणि उपग्रह. फोनवर रंग दिसतात.”

दिसतात. २००५मध्ये मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. पुढे कुलाब्याला आलं, आणि जानेवारी २०२२मध्ये अंधेरी पूर्वेच्या वेरावली टेकडीवर दुसरं. तुझ्या काकाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण रडार पाऊस मोजतं हा गैरसमज आधी काढून टाक. आणि त्यासाठी आजीकडून एक ताटलीभर गव्हाचं पीठ घेऊन ये.

(पीठ आलं. आजीची कुरकुरही आली. तिच्या मते विज्ञानाचे प्रयोग नेहमी तिच्याच डब्यांवर होतात.)

हे पीठ चाळून बोटभर जाड पसरायचं. गॅलरीतून ताटली दोन-चार क्षण पावसात धरायची आणि आत घ्यायची. प्रत्येक थेंबाची एक गोळी होते. ती वाळू द्यायची, चाळून वेगळी करायची, पट्टीवर मोजायची. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत व्हरमाँट नावाचा प्रांत आहे, तिथल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याची. हा गाईगुरं सांभाळणारा माणूस. हिमाच्या एकेका स्फटिकाची छायाचित्रं काढून तो जगात प्रसिद्ध झाला. पण त्याने पावसाचे थेंबही असेच पिठात पकडून मोजले आणि १९०४मध्ये तो अभ्यास छापला. पावसाचे थेंब लहानमोठे असतात, वेगवेगळ्या ढगांतून वेगवेगळे येतात, आणि साधारण पाच-सहा मिलिमीटरपेक्षा मोठे झाले की पडता पडताच फुटतात. हे सगळं पिठाच्या ताटलीतून निघू शकतं.

आता रडारकडे येऊ. रडार लहरी सोडतं, त्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि परत आलेल्या लहरी किती जोरकस यावरून पाऊस किती असेल त्याचा अंदाज बांधला जातो. गंमत इथे आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यातलं पाणी आठपट होतं. थोरलीने घनफळ शिकलंय, ती सांगेल. पण रडारला येणारा प्रतिध्वनी होतो चौसष्टपट. म्हणजे चार मिलिमीटरच्या एका थेंबात पाणी असतं दोन मिलिमीटरच्या आठ थेंबांइतकं, पण रडारला तो चौसष्ट थेंबांसारखा वाटतो. थोडेसे टपोरे थेंब आले की रडार घाबरून जास्त सांगणार, बारीक दाट पाऊस लागला की कमी सांगणार. थेंब कसे आहेत हे त्याला नीट कळत नाही. शिवाय रडारचा किरण जमिनीच्या वरून जातो, जमिनीवर नव्हे. उपग्रह तर आणखी वर. म्हणून या सगळ्यांना रोज जमिनीवरच्या भांड्याला विचारावं लागतं: बाबा रे, खरं किती पडलं? जितकी भांडी जास्त, तितकं रडार शहाणं. वेरावलीवरच्या त्या कोट्यवधींच्या यंत्राची चूक गच्चीवरच्या डब्याने दाखवून द्यावी, यात मला भारी मौज वाटते.

मुंबई महानगरपालिकेने २००६पासून शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायला घेतले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या आणि पालिकेच्या इमारतींवर. आधी तिसेक, नंतर साठांवर. आत एक इवलासा सीसॉ असतो. एका बाजूला ठरावीक थेंब साठले की तो कलंडतो, टिक करून एक नोंद होते, दुसरी बाजू भरायला लागते. दर पंधरा मिनिटांनी आकडा कळतो. ही फार मोठी सोय झाली. तरी साठ भांडी धरली तर एका भांड्याच्या वाट्याला सात-साडेसात चौरस किलोमीटर येतात. म्हणजे भांड्याच्या तोंडाच्या सदतीस कोटी पट. आणि यंत्रालाही दुखणी असतात. नरसाळ्यात पिंपळाचं पान अडकतं, कबुतरं आपलं योगदान देतात, आणि पाऊस फार जोरात आला की सीसॉ कलंडता कलंडता काही पाणी न मोजताच निसटतं. म्हणजे नेमकं ज्या दिवशी हवं त्या दिवशी कमी भरतं.

आपल्याकडे ॲना मणी नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञ होऊन गेल्या. १९१८चा जन्म, केरळच्या. स्वातंत्र्यानंतर पुण्यात हवामान खात्याची उपकरणं देशातच बनवण्याचं काम त्यांनी उभं केलं. शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून घेतली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा आग्रह असे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण आता मी तुम्हाला डबा ठेवायला सांगणार आहे आणि तुमच्या डोळ्यांत मला नको तो उत्साह दिसतोय.

त्याआधी एक शहर. अमेरिकेतलं फोर्ट कॉलिन्स. २८ जुलै १९९७, आपल्या आठ वर्षं आधीची, जवळजवळ तीच तारीख. शहराच्या पश्चिम टोकाला दीड दिवसाच्या आत साडेतीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला त्याच्या पासंगालाही नाही. पुरात पाच माणसं गेली. तिथल्या विद्यापीठातले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांना कळेना, की नेमका कुठे किती पडला? मग त्यांच्या मंडळींनी घरोघर फिरून विचारलं: तुमच्या बादलीत किती साठलं होतं? एकचाकी गाड्यात? कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात? असे तीनशेहून जास्त आकडे जमले आणि त्यावरून त्या पावसाचा नकाशा काढला. पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, त्यांनी सामान्य लोकांमधल्या निरीक्षकांचं जाळं सुरू केलं. प्रत्येकाकडे एकाच मापाचा स्वस्त प्लास्टिकचा पर्जन्यमापक, एकच सकाळची वेळ. आज ते जाळं अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत पसरलंय, आणि तिथलं सरकारी हवामान खातं त्या आकड्यांवर विसंबतं.

त्यांचा एक नियम मला सगळ्यांत जास्त आवडतो. पाऊस पडला नाही, तरी शून्य लिहायचं. लोकांना वाटतं, पडला नाही तर काय कळवायचं? पण न लिहिलेला दिवस आणि कोरडा दिवस यांत फरक आहे. रिकाम्या रकान्याचे तीन अर्थ होतात: पाऊस नव्हता, माणूस गावाला गेला होता, किंवा आळस केला. शून्य लिहिलं की एकच अर्थ उरतो.

मुंबईतही लोकांकडून माहिती घेण्याचे प्रयत्न सुरू झालेत. आयआयटी मुंबईतल्या सुबिमल घोष यांच्या गटाने पालिकेशी हात मिळवून २०२४मध्ये ‘मुंबई फ्लड’ नावाचं ॲप काढलं. त्यात पालिकेच्या पर्जन्यमापकांचे आकडे आणि पावसाचा अंदाज दिसतो, आणि आपल्या गल्लीत पाणी साचलं तर घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, हे तुम्ही कळवू शकता. हवामान खात्यानेही सामान्य माणसाने आपल्या ठिकाणचं हवामान कळवायची सोय केली आहे. खेड्यांकडे सरकारने ‘महावेध’ची यंत्रं प्रत्येक महसूल मंडळात उभारली. तिथे तर पीकविम्याचे पैसे त्या आकड्यावर ठरतात, आणि पाऊस माझ्या शेतावर पडला पण यंत्रावर पडला नाही, हे गाऱ्हाणं तिथल्या शेतकऱ्याकडून ऐकलं की कळतं, शहर असो की शिवार, दुखणं एकच.

बरं, आता डबा. सरळ उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा, खोल. तोंडाचा व्यास ११.३ सेंटिमीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण मग तोंडाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर होतं आणि त्यातलं प्रत्येक दहा मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपणाने मोजा. हिशेब साधा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी.

“डबा मोठ्या तोंडाचा घेतला तर पाऊस जास्त भरेल ना?” धाकटी.

पाणी जास्त भरेल, पाऊस नाही. तोंड दुप्पट, तर बूडही दुप्पट. उंची तीच. म्हणून पाऊस लिटरमध्ये सांगत नाहीत, उंचीत सांगतात. भिंती मात्र सरळ हव्यात. वर रुंद आणि खाली निमुळता पेला घेतलात, तर तो खोटं बोलणार.

जागा ही सगळ्यांत अवघड गोष्ट. खरं तर जमिनीवर, मोकळ्यात ठेवायला हवा, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर. आजूबाजूच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट लांब. आपल्या सोसायट्यांत एवढी मोकळी जमीन पार्किंगने खाल्लेली आहे, म्हणून गच्ची. पण गच्चीवर वारा कठड्यावरून उसळी मारतो आणि थेंब डब्यावरून उडवून नेतो, म्हणून कठड्याला आणि पाण्याच्या टाकीला चिकटून ठेवायचा नाही, मधोमध ठेवायचा. पत्र्याची पागोळी त्यात पडणार नाही, एसीचं पाणी टपकणार नाही, हे पाहायचं. वाऱ्याने कलंडू नये म्हणून चार विटा. सेक्रेटरीकाकांना आधी सांगायचं, नाहीतर ते भंगारात देतील.

वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो आणि साडेआठला सुरू होतो. आदल्या चोवीस तासांत जे पडलं ते त्या सकाळच्या तारखेला लिहायचं. म्हणून तर २६ जुलैचा तो ९४४ मिलिमीटर पाऊस खात्याच्या तक्त्यात २७ तारखेच्या नावावर आहे. तुम्ही वाटेल त्या वेळी मोजलंत तर तुमचा आकडा सांताक्रूझच्या शेजारी मांडताच येणार नाही. धो-धो लागला आणि डबा भरायला आला, तर मधेच मोजून लिहायचं, ओतून द्यायचं, सकाळच्या आकड्यात मिळवायचं. शाळेमुळे दोन दिवस राहून गेलं, तर दोन दिवसांची एकत्र बेरीज म्हणून तसं स्पष्ट लिहायचं. अंदाजाने निम्मे-निम्मे वाटून टाकायचे नाहीत. तिथे तुमचा आकडा शास्त्राचा राहत नाही, गोष्टीतला होतो. आणि डबा कुठे ठेवला, कधी हलवला, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.

आपल्या घरातच चार ठिकाणं आहेत: आपण मुलुंडला, काका अंधेरीला, मावशी बोरिवलीला, आत्या घाटकोपरला. मधे उद्यान आणि त्यातले तलाव. दहिसर नदी तुळशीकडून बोरिवलीला येते, मिठी विहार-पवईचं पाणी घेऊन निघते. डोंगराच्या या बाजूला किती पडला आणि त्या बाजूला किती, हे चार डबे सांगू लागतील. एखाद्या सकाळी आपला डबा काठोकाठ असेल आणि काकाच्या डब्याचं बूड फक्त ओलं. काका म्हणेल, तुमचं काहीतरी चुकलं. तेव्हा भांडायचं नाही. दोघांनी आपापली जागा तपासायची आणि आकडा न बदलता तसाच ठेवायचा. कदाचित दोघेही बरोबर असतील. एका पावसाळ्याच्या नोंदीने फार काही सिद्ध होत नाही, हेही आधीच सांगतो. पाच-दहा वर्षं एकाच जागी, एकाच डब्याने, एकाच वेळी लिहिलेली वही ही मात्र अशी गोष्ट आहे, की गटारं किती रुंद हवीत हे ठरवणाऱ्या इंजिनिअरने ती हात जोडून मागावी. पावसात मोबाइल धरून चित्रफिती काढणारे हजारो आहेत. पाणी उतरल्यावर त्यातून एकही मिलिमीटर निघत नाही.

तेव्हा वाचणाऱ्या आजी-आजोबांनो, सकाळी तुम्ही तसेही लवकर उठता. तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक सरळ डबा ठेवा, नातवंडांच्या हाती वही द्या, आणि १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत रोज साडेआठला आकडा लिहवून घ्या. ज्या दिवशी काही पडणार नाही, त्या दिवशी शून्य.